पास केलेल्या संगणकाला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बोलीध्वनी संशोधन केंद्र, पुणे.

विषय : अर्जदाराने दिलेल्या दोनशे ‘बरोबर’ खुणा रद्द करून संगणकाची फेरपरीक्षा घेणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ८ जुलै २००२ चे अभिनंदनपत्र.

महोदय,

अर्जदार निवृत्त प्राथमिक शिक्षक असून मूळचा सातपुड्याच्या पायथ्याचा, सध्या कोथरूडला मुलाकडे राहतो. त्याची मातृभाषा निहाली. आपल्या केंद्रातील उत्कर्षाताईंनी तिच्या ध्वनींचे वर्णन लिहिले. त्या वर्णनाबरहुकूम संगणकाने शब्द बोलायचे, अर्जदाराने ऐकून बरोबर की चूक ते सांगायचे आणि चूक निघाल्यास वर्णन दुरुस्त करायचे, असे ठरले होते.

२. अर्जदाराने दोनशेपैकी दोनशे शब्द बरोबर ठरवले. आपण पेढे वाटले. त्यातले दोन अर्जदारानेही खाल्ले, हे तो नाकारत नाही.

३. वस्तुस्थिती अशी की, चौतीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतल्यामुळे, नव्याने बोलू लागलेल्याला ‘चूक’ म्हणणे अर्जदाराला जमत नाही. ‘पाणी’साठीच्या आमच्या शब्दाचे शेपूट संगणकाने गिळले, पण प्रयत्न प्रामाणिक होता. अर्जदाराने शाबासकी म्हणून खूण केली. “गुरुजी, यंत्राला ‘छान, पुन्हा म्हण बाळा’ काय म्हणताय?” असे उत्कर्षाताईंनी तेव्हाच विचारले होते.

४. संगणकाच्या शब्दांची कॅसेट घरी लावली तेव्हा अर्जदाराच्या पत्नी तुळजाबाई (मातृभाषा निहालीच) मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “अहो, कोणाचं पोर हे? दाढ दुखतेय का त्याची?” त्यांना दोनशेपैकी एकसष्ट शब्द कळले.

५. एकदा पास झालेल्याला नापास करण्याची तरतूद नाही, असे आपल्या कार्यालयात सांगण्यात आले. पहिलीपुरता हा नियम अर्जदारालाही मान्य आहे. परंतु याच वर्णनावरून आमच्याकडच्या आश्रमशाळेसाठी पुस्तक आणि कॅसेट निघणार आहे. म्हणजे आईसारखे बोलणारे मूल शाळेत चुकणार, आणि कॅसेटसारखे बोलणाऱ्याने घरी पाणी मागितले तर ते आईला कळणार नाही. अर्जदाराच्या शाबासकीपायी हे होऊ नये.

६. सबब, छपाई थांबवून फेरपरीक्षा घ्यावी व परीक्षक म्हणून तुळजाबाईंना नेमावे. त्यांनी कधी शाळेत शिकवलेले नाही. चूक दिसली की तिथल्या तिथे सांगतात. अर्जदाराला याचा बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

७. परीक्षेच्या वेळी अर्जदाराला खोलीबाहेर बसवावे. संगणक नापास झाल्यास मात्र आत बोलवावे. त्याची शिकवणी अर्जदार दर शनिवारी विनामूल्य घेईल.

छपाई थांबल्याच्या निरोपाची वाट पाहत,

आपला नम्र,
रंगनाथ नाईक
दि. १७ जुलै २००२

सोबत :
१) कॅसेट, एक.
२) तुळजाबाईंच्या सांगण्यावरून एकशे एकोणचाळीस फुल्या मारलेली शब्दयादी. (फुल्या अर्जदाराच्या हातच्या, आयुष्यातल्या पहिल्याच. फिकट उमटल्या असल्यास गडद समजाव्यात.)