डावीकडचं मागचं दार

बाबा, आज ती पांढरी गाडी परत आली. विचुंब्याच्या मासळीवाल्या मावशींची. तुम्ही गेल्यापासून दहा वर्षांत ती आपल्या गॅरेजला फिरकली नव्हती. मावशींचा मुलगाच घेऊन आला. म्हणाला, "मागची काच खाली बसलीय, डाव्या बाजूची. दुसरीकडं नेणार होतो, तर आई बोलली, मेस्त्रीच्या पोरीकडंच ने." मनात आलं, सांगून टाकावं की मी आता दारांची कामं घेत नाही. पण त्याच्या डोक्यावर माझाच बोर्ड लटकत होता, दाराची सर्व कामं केली जातील म्हणून. चावी घेतली. निमूटपणे, जशी आजवरची प्रत्येक गोष्ट घेत आले तशी.

मी गॅरेजात आले ती सीट कव्हरं शिवायला. दाराचं काम तुम्हीच माझ्या गळ्यात घातलंत. "तुजा हात आत जातो, माजा नाय जात," एवढंच कारण. दाराचं पॅड, ते आतलं प्लॅस्टिकचं झाकण, कसं काढायचं ते तुम्ही शिकवलंत. आधी हँडलच्या वाटीतला स्क्रू, मग हात टेकायच्या जागेखालचे दोन, मग कडेनं चपटी पट्टी सारत एकेक बटण सोडवायचं. जोर लावला की तुम्ही ओरडायचात, "दार हाय, नारल नाय." आणि बंद करण्याआधी तुमचा तो सोपस्कार. पॅड बसवण्याआधी गाडीत बसायचं, दार लावून घ्यायचं, आतून तीनदा उघडायचं. तिन्ही वेळा उघडलं तर पत्र्यावर पिवळ्या खडूनं बरोबरची खूण करायची आणि मगच झाकायचं. खुणेशिवाय गाडी जायची नाही. ती खूण गिऱ्हाइकाला कधी दिसायचीच नाही, म्हणून मी तुमची थट्टा करायचे. तुम्ही म्हणायचात, "त्याला दिसाया नाय केली."

हीच गाडी याच दाराच्या कामाला आली त्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेला होतात. मावशी गाडीपाशी उभ्या होत्या, टोपल्यांतला बर्फ वितळत होता आणि त्या दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या, "बाय, मासली खराब होल गो." आतल्या हँडलपासून दाराच्या कुलपापर्यंत जाणाऱ्या दांडीला धरून ठेवणारं नखाएवढं प्लॅस्टिकचं लॉक माझ्या बोटांत तुटलं. नवीन आणायचं तर पार हायवेपर्यंत जावं लागणार. मी दांडी तशीच भोकात अडकवली. ती राहिली. आत बसून बघितलं नाही. तीनदा ओढलं असतं तर तिसऱ्यांदा नक्की निसटली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुमचा खडू उचलला, तुमची खूण केली आणि पॅड ठोकून बसवलं. अठ्ठावीस वर्षांची होते मी. पोरवयाची चूक म्हणायची सोय नाही.

पाच दिवसांनी कर्नाळ्याच्या पुढे त्यांचा मुलगा गाडी थांबवून पाणी आणायला उतरला आणि डॅशबोर्डखालची वायर पेटली. मावशी मागे डावीकडे, पलीकडच्या दाराला टोपल्या लावलेल्या. हँडल नुसतं हातात येत राहिलं. पुढून बाहेर पडायला त्यांनी पेटत्या सीटवर दोन्ही पंजे टेकले. मी शिवलेलं रेक्झिन वितळून त्यांच्या हातांना चिकटलं. मुलानं धावत येऊन बाहेरून दार उघडलं तेव्हा कुठे त्या सुटल्या. जीव वाचला, उजव्या हाताची बोटं मात्र कायमची आत वळली. त्यानंतर त्यांनी मासळी कापायची कोयती धरली नाही.

ती गाडी दुरुस्तीला आपल्याकडेच आली. ते पॅड तुम्ही एकट्यानं उघडलंत. मी शिलाई मशीनवर मान खाली घालून बसले होते, वळून बघायचा धीर नव्हता. मागे एकेक बटण सुटल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "खूण हाय. म्हंजे माजाच चुकला." त्याच संध्याकाळी तुम्ही मावशींच्या पाया पडलात, त्यांच्या बांधलेल्या हातांसमोर. त्या म्हणाल्या, "मेस्त्री, उठा. मुद्दाम कोन करतो का?" मी मागे उभी होते, पदराशी चाळा करत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दारांना हात लावला नाहीत. "आता तू कर," म्हणालात. दर रविवारी विचुंब्याला जाऊन मावशींकडे बसून यायचात. गावभर झालं, मेस्त्रीचा हात गेला. मी ऐकून घेत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी घट्ट झाकून ठेवली.

आज तेच पॅड मी काढलं. आतला प्लॅस्टिकचा कागद सोलला, आत बॅटरीचा उजेड टाकला. पत्र्यावर दोन खुणा आहेत. एक माझी, शाळेतल्या बाई करतात तशी, उजवीकडे वर गेलेली. तिला लागूनच दुसरी, तुम्ही दुरुस्तीनंतर केलेली, डावीकडे वर गेलेली. बाबा, तुम्ही डावखुरे होतात. जन्मभर तुमच्या खुणा उलट्याच होत्या. मी शेकड्यानं बघितल्या असतील, नीट एकही नाही. तुम्ही पॅड उघडलंत त्या क्षणी तुम्हाला कळलं होतं.

मी गाडीतच बसून राहिले. मला तुमचा राग आला, खोटं कशाला सांगू. एकदा कानाखाली दिली असतीत तर मी मोकळी झाले असते. तुम्ही ते स्वतःवर घेतलंत आणि वर मलाच रोज दारं उघडायला बसवलंत. ही माफी होती की शिक्षा, हे विचारायला आता कोणी नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही माझं मनगट धरून विचारलं होतंत, "काय सांगाचा हाय का तुला?" मला वाटलं, गॅरेजबद्दल विचारताय. मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही झोपा." तुम्ही हात सोडलात.

काच बसवली. दार आतून तीनदा उघडलं, मग आणखी तीनदा. संध्याकाळी मुलगा न्यायला आला आणि म्हणाला, "आई नेहमी सांगते, मेस्त्री लय सरळ मानूस, आपली चूक कबूल केली." हा कागद तेव्हा माझ्या खिशात होता, अर्धा लिहिलेला. मावशींनाच सगळं लिहून द्यावं म्हणून दुपारी तो काढला होता, आणि पहिल्या ओळीत त्यांच्याऐवजी तुमचं नाव आलं. मी त्याला म्हटलं, "हो, होतेच तसे." आणि चावी दिली.