चर्चची मागची खोली

७ ऑगस्ट २०११, रविवार

उपासनेनंतर कमिटी बसली. मागची खोली तरुण संघाकडून काढून घ्यायची, असं दिनानाथरावांचं म्हणणं. लग्नाची पातेली, खुर्च्या ठेवायला जागाच नाही. "चार-सहा पोरं येतात, गिटार वाजवतात, वडे खाऊन जातात. उपयोग काय?" मलाही पटलं. निर्णय पुढच्या बैठकीत. खोलीचं माप मी घ्यायचं.

घरी प्रणितला सांगितलं. तोही जातो तिथे शनिवारी. म्हणाला, "बरं."

ही गेली तेव्हापासून पोरगा एवढंच बोलतो. बरं. हो. जेवलो.

१० ऑगस्ट

"आमटीत मीठ जास्त झालंय," म्हणाला. अख्खं वाक्य!

१३ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी टेप घेऊन गेलो. मुलं कर्नाळ्याला सहलीला जाणार होती, म्हणून खोली रिकामी असेल असं वाटलं. सहल रद्द झाली असावी. दार लोटलेलं. आत शिरणार, तर प्रणितचा आवाज — हिच्याबद्दल बोलत होता!

"शेवटी शेवटी आई मला ओळखायची नाही. मामा समजून त्याच्या नावाने हाक मारायची. मी ओ द्यायचो. मग तिला झोप लागायची."

मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा औषधांच्या मागे धावत होतो.

आत कुणी शहाणपणाचं काही बोललं नाही. संघ चालवणारी रिया एवढंच म्हणाली, "बोल तू. आम्ही आहोत." मी पायरीवर बसून राहिलो. माप राहिलं.

वाईटही वाटलं. बाप घरात असताना पोरगा परक्यांना सांगतो! भाजी चिरताना मनात तेच. मग वाटलं — कुठेतरी सांगतो तरी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला रिया भेटली. बँकेत आहे आता. विचारलं, "त्याला बोलतं कसं केलंत?"

"काही नाही हो काका. वर्षभर नुसता बसायचा. आम्ही चहा द्यायचो."

"एवढंच?"

"पुढच्या शनिवारी परत द्यायचो." हसली. "मीही नववीत अशीच बसून असायचे. तेव्हा संघ घेणारी ताई आता नाशिकला असते. अजून फोन करते मला."

२१ ऑगस्ट, रविवार

कमिटीत उभा राहिलो. प्रणितचा विषय काढला नाही. म्हटलं, "पातेली माझ्या घरी ठेवू. पोरांना बसायला ती खोली राहू दे. तिथे काय होतं ते आपल्याला बाहेरून दिसत नाही."

दिनानाथराव म्हणाले, "पातेली मोठी आहेत हां! घरात मावतील ना?"

खोली राहिली.

२२ ऑगस्ट

टेम्पोतून पातेली आली. प्रणितने एक बाजू धरली, मी दुसरी. दारातच थांबला.

"पप्पा, शनिवारी तुम्हीपण चला. तुम्ही आईबद्दल कुणाशीच बोलत नाही."