मारकुटी सिस्टर

कर्वेनगर, पुणे

माननीय अधीक्षक साहेब,

माझ्या निवृत्तीनंतर कॅज्युअल्टीची जबाबदारी नीरजा सिस्टरकडे द्यावी, असं मी सुचवलं. "मारकुटी बाई नको," म्हणून आपण तिचं नाव खोडलंत. अहवालात तिच्या हातात लाठी होती असं लिहिलंत. तो ऑक्सिजन सिलिंडरचा पाना होता. भाऊ दगावला म्हणून जयसिंगनं सलाईनच्या स्टँडनं डॉक्टरांचा जबडा फोडला, पुन्हा उगारला, तेव्हा तिनं त्याचं डोकं फोडलं. तो कोसळताच तिनंच वाकून जखम दाबून धरली. "शिव्या नंतर द्या. आधी मान हलवू नका."

आपण तेव्हा केबिनला आतून कडी लावून बसला होतात.

आज जयसिंग पट्टी बदलायला आला. मी पुढे झालो, तर गुरकावला, "तुमी नगं. डोकं फोडनारी बाई कुठं हाय? तिच्याच हातनं बदलनार."

म्हणून हे पत्र फाडतोय आणि त्यालाच आपल्याकडे पाठवतोय.

वॉर्डबॉयपासून इथवर आलेला,
मच्छिंद्र तापकीर