गिलावा केलेली बाव

१९ जानेवारी
नगरसेविका झाल्यापासूनची दुसरी बैठक. अर्थसंकल्पासाठी सूचना मागवल्या होत्या. अकराची बैठक बाराला सुरू, त्यात पहिला वेळ पंखा कोणाच्या डोक्यावर हवा यात गेला. सूचना काय, तर तिघांना आपापल्या प्रभागात स्वागतकमान हवी. एवढंसं गाव, एस.टी. स्टँडवर बाईमाणसाला जायला धड मुतारी नाही, आणि स्वागत तीनतीनदा.

मी एकच ओळ लिहून दिली. खालच्या आळीतल्या बावेचा गाळ काढावा. (त्यांच्या फायलीत ती विहीर.) अध्यक्षांनी वाचून विचारलं, एवढंच? सगळे हसले. मेल्यांनो, मे महिन्यात नळ नुसते फुसफुसतात तेव्हा अर्धं गाव कळश्या घेऊन त्याच बावेवर येतं. तुमच्या बायकासुद्धा.

३० जानेवारी
न. प.च्या इंजिनियर साहेबांनी बोलावलं. म्हणजे आधी ह्यांना फोन. निवडून मी आले तरी फोन ह्यांनाच. हे लोट्याला कंपनीत, पाळीवर. म्हणाले, "निवडून ती आलेय, तिला करा."

साहेबांचं म्हणणं, गाळ काढायला शीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, नाही. अर्थसंकल्पात शीर्ष नसेल तर ते काम जगातच नाही. पैसा पडून आहे तो 'सुशोभीकरण' या शीर्षाखाली, आणि तो मार्चअखेर संपवायचाय. "वहिनी, कागदावर नाव काही का असेना, काम तुमचंच होईल. आधी गाळ, मग कठड्याला जरा रंग."

सही केली. दुसरं काय करणार? अडला हरी.

१८ फेब्रु.
अर्थसंकल्प मंजूर. अध्यक्षांनी भाषण वाचलं, अर्धं त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. 'शिलकी अंदाजपत्रक' म्हणाले आणि बाकं बडवली गेली. शिलकी म्हणजे काय, तर करायला हवं होतं ते केलं नाही म्हणून उरलं. मी पोरांना उपाशी ठेवून महिनाअखेर तांदळाचा डबा भरलेला दाखवला तर घरात कोणी टाळ्या वाजवील?

विरोधातल्या दोघांनी सभात्याग केला. बाहेर वडे आले होते. वडे संपल्यावर परत आले.

आमचं काम चालू वर्षाच्या सुधारित यादीत आहे. 'ऐतिहासिक विहीर सुशोभीकरण.' ऐतिहासिक कधी झाली देव जाणे.

१ मार्च
उद्या शिमग्याला सासरी, हेदवीच्या अलीकडे. पालखी घरी यायची तर दाराला कुलूप कसं चालेल? आळी निम्मी गेलीच आहे. ठेकेदाराला गाठून बजावलं, आम्ही परत आल्यावरच सुरुवात कर, आणि आधी गाळ. तीनदा होय म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

९ मार्च
आज परतलो. काम पूर्ण!

शिमग्यात आळीत चिटपाखरू नव्हतं, ते त्याला बरं सापडलं. बावेला कठडा, वर उघडता येणारी जाळी, रंगीत दिवे. आणि आत, पाणी उपसून, वरपासून पार खाली गाळापर्यंत, सिमेंटचा गिलावा. त्यावर निळा ऑइलपेंट. निळ्यावर डॉल्फिन. गाळ आहे तिथेच, उरलेलं सिमेंट त्याच्यावर ओतलंय.

शेजारच्या तारामतीकाकूही आजच परतलेल्या, कठड्यावर वाकल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या इथे पाणी भरतात. म्हणाल्या, "बावेला आतनं गिलावा केलान? मग पाणी कुठनं येल गो?"

जांभ्याची बाव. तळाचं पाणी थोडं, बाकी सगळं भिंतीच्या भोकाभोकांतून पाझरतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नहाणीघर समजून बावेला गिलावा करणारा माणूस जन्माला यायचा होता, तो नेमका आमच्या न. प.त चिकटला. घरी येऊन रडले. रागानेच, पण रडले.

११ मार्च
साहेबांकडे गेले. "गिलावा एस्टिमेटमध्ये होता, वहिनी. तुमचीपण सही आहे." आणि गाळ? गाळ सुशोभीकरणात बसत नाही म्हणे. मग जानेवारीत कसा बसत होता? त्यावर चहा मागवला.

साहेब चिपळूणकडचे, म्हणजे परके नव्हेत. त्यांच्या घरी जांभ्याचीच बाव आहे. विचारलं, तिला केलात का गिलावा?

"नाही हो. ती घरची आहे."

लाजही वाटली नाही बोलताना. चहा तसाच ठेवून उठले.

२४ मार्च
कळशी बुडत नाही. आडवी पडते नि गढूळ घेऊन वर येते. दर वर्षी या दिवसांत पुरुषभर पाणी असतं.

आळीत बोलणं चालू आहे, सुलभाने बाव बुजवली. समोर कोणी म्हणत नाही, मी आले की गप्प होतात. तेच जास्त लागतं. अध्यक्षांना शिव्या घालायला कोणी जात नाही, मी आपली हाताशी आहे.

२८ मार्च
परवा उद्घाटन. रत्नागिरीहून मोठे पाहुणे येणार, त्यांच्या हस्ते कलशात बावेचं पाणी काढायचं. आज अध्यक्ष पाहणीला आले, आत डोकावले आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. पाणी गेलं म्हणून नाही, फोटोत चिखल येईल म्हणून. उपाय लगेच निघाला. टँकर.

३० मार्च
पहाटेच टँकर लागला. माणसांना टँकर येतो ते पाहिलंय, बावेला पाणी पाजताना आजच पाहिलं.

पाहुण्यांनी कलश भरला. इंजिनियर साहेब पाण्याकडे अशा कौतुकाने बघत होते की जणू झरा त्यांनीच फोडलाय. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली मात्र, काकूंनी घागर आणली. मागोमाग सगळी आळी. बघता बघता बाव कोरडी. गिलावा मात्र उत्तम झालाय, एक थेंब कुठे मुरला नाही.

कोनशिलेवर तिसरं नाव माझं, 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. दिवसभर त्या बाजूला गेले नाही.

२१ एप्रिल
सभेत मागणी केली, गिलावा काढा. हसू. मुख्याधिकाऱ्यांनी समजावलं की गिलावा आता न. प.ची मालमत्ता आहे, तीन वर्षं जबाबदारी ठेकेदाराची, त्याला हात लावता येत नाही. शिवाय गिलावा काढायला शीर्ष नाही. पुढच्या वर्षी बघू. तोवर टँकरच्या शीर्षाखाली भरपूर आहे, एक दिवसाआड पाठवतो.

पाणी आटवायला एक शीर्ष, आणायला दुसरं. टँकर कोणाचा विचारलं तर ठेकेदाराच्या मेव्हण्याचा. आंधळं दळतंय म्हणावं तर तसंही नाही, यांना डोळे आहेत.

९ मे
टँकर चार दिवस नाही. संध्याकाळी आळी काकूंच्या ओट्यावर जमली. बापये कमीच, बरेचसे मुंबईला. ठरलं ते असं की उद्या सकाळी दोर बांधून उतरायचं आणि गिलावा फोडायचा. गाळही आपणच उपसायचा. कोणी विरोध केला नाही.

घरी पोचते तोच मुख्याधिकाऱ्यांचा फोन. आज मात्र मला, ह्यांना नाही. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, त्यात नगरसेविकाच असली तर सदस्यत्व जाऊ शकतं. तुम्ही तरी उतरू नका म्हणाले. पाण्याची बातमी यांना महिनाभर पोचत नाही, ही तासाभरात पोचली.

काकूंना सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, राहू दे, तू वर थांब. त्या म्हणाल्या, "तुझा नाव हाय त्या दगडावर. पयला घाव तुझा."

हे पाळीला गेले. आत्ता बघते तर पडवीत छिन्नी आणि हातोडा काढून ठेवलाय, छिन्नीला धार लावलेली.

राजीनामा आधीच लिहून ठेवावा असं मनात आलं. नको. काढायचं तर त्यांनीच काढावं, त्यालाही शीर्ष शोधावं लागेल.

भीती मात्र वेगळीच वाटते. दोन महिने कोंडलेलं पाणी गिलाव्यामागे थांबलं असेल की वाट बदलून कुठे दुसरीकडे गेलं असेल?