तोलीनच्या वर्गासाठी घातलेली मागणी

प्रिय नायेफ,

तू म्हणशील, फोन असताना आई कागद कशाला काळे करत बसलीये. पण फोनवर तुझं आपलं "हो आई, बरं आई, ठेवतो आई." जे सांगायचं ते माझ्या घशातच राहतं. तेव्हा कुवेतच्या त्या गार खोलीत नीट बैस आणि शेवटपर्यंत वाच. आधी आनंदाची बातमी देते. तुझ्या तोलीनचा वर्ग बंद पडत नाही! विद्यापीठानं आमच्या महिला संस्थेला अनुदान दिलं. शिकवणाऱ्या रीमाबाईंचा पगार आणि खोलीचं भाडं, दोन्ही त्यात बसलं. तेव्हा अम्मानच्या त्या निवासी शाळेचं नाव आता काढू नकोस. उन्हाळ्यापर्यंत इथे इर्बिदमध्ये सोय झाली नाही तर पोरीला तिकडे ठेवायचं, असं तू म्हणाला होतास. सहा वर्षांची पोर, कानानं ऐकू येत नाही, परक्या ठिकाणी पोटात दुखलं तरी सांगणार कुणाला? माझा तर जीव टांगणीला लागला होता रे.

रीमाबाई स्वतःही बहिऱ्याच. बेकरीच्या माडीवर त्या खुणांची भाषा शिकवतात, मुलांना आणि मुलांच्या घरच्यांना. मुलं भराभर शिकतात, अडतं ते आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं. हिवाळाभर त्यांनी फुकट शिकवलं. पण त्यांनाही पोट आहे. दुसरीकडे नोकरी बघते म्हणाल्या, आणि सहरचा चेहरा पडला. तेवढ्यात कळलं की विद्यापीठ दरवर्षी आपल्या निधीतून गावातल्या संस्थांना मदत करतं. सहरनं बसून अर्ज लिहिला. काय लिहिलंय पोरीनं! उगाच नाही मी तिला तुझ्यासाठी निवडली.

आता अर्ज दिला की गप्प बसायचं की नाही? पण आपले अबू हिकमत तुला ठाऊक आहेत. भांडण मिटवायचं असो की लग्न जुळवायचं, सगळ्या गल्लीच्या वतीनं तेच पुढे. म्हणाले, "कागद टाकून घरी बसायला आपण काय परके आहोत? मोठं काही मागायचं तर चार वडीलधारी घेऊन दारात जावं." अनुदानाच्या समितीत डॉक्टर लुबना म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांचं घर अबू हिकमतनी शोधून काढलं. आणि मग काय, दुपारची नमाज झाल्यावर आमची वरात निघाली! पुढे अबू हिकमत मानाचा काळा झगा पांघरून, मागे सगळे पुरुष, त्यांच्या मागे मी आणि सहर. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

लुबनाबाई वडिलांजवळ राहतात. चाळिशी उलटली, लग्न केलेलं नाही. म्हाताऱ्यानं एवढी मंडळी दारात बघितली आणि त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! आम्हाला बसवलं, कॉफी आली. अबू हिकमतनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला, मुलीला मागणी घालायला आलेले ठेवतात तसा. म्हातारा तर सरसावूनच बसला. अबू हिकमतनी घराण्याची स्तुती सुरू केली, बाईंच्या शिक्षणाची केली, स्वभावाची केली. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "मुलगा कोण?" अबू हिकमत म्हणाले, "मुलगा नाही, मुलगी आहे. सहा वर्षांची. आम्ही अनुदान मागायला आलोय." माझं हसू मला आवरेना, आणि त्याच वेळी त्या बापाची इतकी कीव आली!

लुबनाबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "काका, हे काय करून बसलात? समितीतल्या कुणाला भेटून गळ घातली तर अर्ज बाद, असा नियम आहे. वशिला म्हणतात ह्याला." आमच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्याला आपण मान देणं समजत होतो, तोच आमच्या मुळावर आला. सहर रडायला लागली. बरं, उठून जावं तर तेही जमेना. मागितलेलं मिळाल्याचा शब्द येईपर्यंत पेल्याला हात लावायचा नाही, आणि पाहुणे कॉफी न पिता गेले तर घराची मान खाली. म्हातारा लेकीकडे बघतोय, लेक त्या पेल्याकडे.

शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या हातात आहे तेवढं देते. तुमच्या अर्जावर मत द्यायला मी बसणार नाही. आज जे झालं ते समितीला जसंच्या तसं सांगेन. हेही सांगेन की वशिला मागच्या दारानं येतो, हे लोक दिवसाउजेडी पुढच्या दारानं आले. आधी जाऊन तो वर्ग बघा, मग काय तो निकाल द्या, इतकं मी मागेन. हा माझा शब्द. आता कॉफी प्या काका, गार झाली." अबू हिकमतनी ती गार कॉफी एका घोटात संपवली. त्या बाईंचे उपकार मी कशात फेडू? नियमही मोडला नाही तिनं आणि आम्हालाही मोडू दिलं नाही. रोज दुवा देते तिला.

समितीचे दोघे खरंच आले. येण्याआधी लुबनाबाईंचा निरोप होता, "कृपा करून मकलूबा रांधू नका, पाण्यापलीकडे काही देऊ नका." दारी आलेल्याला नुसतं पाणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वर्गात मागे बसले. खुणा करून दाखवायची माझी पाळी आली आणि मी सगळं विसरले. तोलीन उठली, माझी बोटं तिनं धरून सरळ केली आणि असे डोळे वटारले, हुबेहूब तुझ्या आजीसारखे! ते दोघे पोट धरून हसले. जाताना त्यातला एक माझ्याशेजारी थांबला आणि "धन्यवाद"ची खूण कशी करतात ते विचारून गेला. पुढच्याच आठवड्यात होकार आला.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. ह्या भाषेत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, आणि घरच्यांची नावं तोलीननं ठेवलीत. मी म्हणजे हनुवटीवर बोट, माझ्या तिळामुळे. सहर म्हणजे ओढणी सारखी करणं. काल मी तुझा फोटो दाखवला आणि विचारलं, बाबाचं नाव काय? तिनं हात वर केला आणि हलवला. विमानतळावर तू हलवतोस ना, तसा. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही, म्हणून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तोच हात हलवला. तुला बोल लावत नाही रे. तुझ्या कष्टांवरच हे घर उभं आहे, ते मी विसरले नाही. पण रीमाबाईंनी उन्हाळ्यात मुलांच्या वडिलांसाठी वेगळा वर्ग ठेवलाय, त्यात तुझं नाव मी घालून आलेय. ये आणि शीक. तुझं हे नाव बदलायचं तर ते तुला तिलाच विचारावं लागेल, तिच्या भाषेत.

वाट बघणारी, तुझीच,
आई