पोतं

छत्रीबाग, इंदूर
१८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की ऋजुता शेजारच्या खोलीतून ऐकते, म्हणून पत्र. तुझ्या लेकीच्या अभ्यासाबद्दल बिल्कुल तक्रार नाही. भंवरकुआंला आमच्या कोचिंगमध्ये पहिल्याच टेस्टला जीवशास्त्रात दुसरी आली. मी शिकवते म्हणून मार्क वाढवलेले नाहीत हो!

पण इतकी सुस्त पोरगी मी पाहिली नाही. आपला जिना तीन मजल्यांचा, ही प्रत्येक मजल्यावर बसते. पाय दुखतात म्हणते. बस सुटताना दिसली तरी धावत नाही. आणि तीच मुलगी दहा मिनिटं रमतगमत चालली की पुढे राजवाड्यापर्यंत आरामात येते, तेव्हा थकान कुठे जाते? बहाणे आहेत सगळे. तूही लहानपणी पाणी भरायच्या वेळीच नेमका गायब व्हायचास, तुझ्यावरच गेली आहे. आता इथे वर्षभर आहे तर मी तिला वळण लावते. तू मध्ये पडू नकोस.

वहिनींना नमस्कार. राग मानू नये, माया आहे तशीच ठेवावी.

तुझी
शैलजा

&nbsp;

अमरावती
३० सप्टेंबर २०२४

चि. शैलास अनेक आशीर्वाद.

ऋजूच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. तिला मॅकआर्डल नावाचा आजार आहे, जन्मापासूनच. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला जेवढं कळलं तेवढं लिहितो. खाल्लेल्यातली साखर आपले स्नायू ग्लायकोजन करून साठवतात आणि एकदम जोर लावायची वेळ आली की तो साठा फोडून शक्ती काढतात. ऋजूच्या स्नायूंत साठा भरपूर आहे, पण तो फोडणारं एन्झाइमच नाही. म्हणून जिना चढताना, ओझं उचलताना तिचे स्नायू पहिल्याच मिनिटाला उपाशी पडतात. थांबत, हळूहळू चाललं तर आठ-दहा मिनिटांत रक्तातली साखर आणि चरबी मदतीला येते, मग तिला चालता येतं. पण दुखत असताना तसाच जोर लावला तर स्नायू तुटतात आणि त्यांतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडांना इजा करतात. तुमच्याकडे तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं तेव्हा तेच झालं होतं.

मी तरी कुठला शहाणा? सातवीत ती नको नको म्हणत असताना मीच तिला हाताला धरून शर्यतीत उभं केलं होतं. ती रडत परत आली तेव्हा चार लोकांत मला तिची लाज वाटली होती. आता माझी मला वाटते.

हॉस्पिटलात तू एवढंच म्हणालीस की तिने ओझं उचललं. ती विचारूनही बोलत नाही. त्या दिवशी काय झालं ते मला सगळं लिही.

तुझी वहिनी बरी आहे. तब्येतीला जप.

तुझा
दादा

&nbsp;

छत्रीबाग, इंदूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेशी शक्ती कशी मिळवते, कशी साठवते, कशी वापरते, हे मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. आणि ते तू मला समजावून सांगितलंस. या आजाराची चार ओळींची चौकट आमच्या नोट्समध्ये आहे. परीक्षेत येत नाही म्हणून मी ती दर वर्षी सोडून देते.

त्या रविवारी आम्ही सियागंजातून महिन्याचा किराणा आणला. रिक्षावाल्याने सामान खालीच उतरवलं. दहा किलोचं तांदळाचं पोतं मी ऋजूच्या हातात दिलं. माझ्याकडे पर्स आणि हिंगाची डबी होती. पहिल्या मजल्यावर ती थांबली तेव्हा मी बसायचं नाही म्हणून बजावलं आणि तिच्या मागे उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावर ती रडत म्हणाली की मांड्या दगडासारख्या झाल्यात. मी म्हटलं, नौटंकी बंद कर. शेजारच्या सुलोचनाताई दार उघडून म्हणाल्या, अहो, बसू द्या तिला. मी त्यांना सांगितलं की हा आमच्या घरातला मामला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारून सांगितलं की लघवी काळ्या चहासारखी होते आहे. माझी आठची बॅच होती. पाणी पी जास्त, एवढं सांगून मी निघाले. दोनला आले तर ती उलट्या करत होती, मांड्या सुजलेल्या.

डॉक्टरांनी विचारलं की लघवीचा रंग केव्हापासून असा आहे. मी म्हटलं, मला आत्ताच कळलं. दादा, मी खोटं बोलले. ऋजू शेजारच्या पलंगावर होती, तिने ऐकलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. चार दिवसांनी डॉक्टर मूत्रपिंडं वाचली म्हणाले तेव्हा सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मला आधी हेच वाटलं की आता कुणी विचारणार नाही.

क्षमा मागायला तोंड नाही. हे पत्र ऋजूला वाचायला द्यावं, ही विनंती.

तुझी
शैलजा

&nbsp;

अमरावती
२० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न.

बाबांनी तुझं पत्र दिलं. मी बरी आहे. रोज हळूहळू चालते, दुखलं की थांबते. कुठे थांबायचं ते आता मी ठरवते, आईसुद्धा काही म्हणत नाही. परीक्षा इथूनच देणार आहे.

जिन्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. तेव्हा मलाही वाटायचं की मी आळशीच आहे. पण एक गोष्ट तू बाबांना लिहिली नाहीस. ऑगस्टमध्ये ग्लायकोजन शिकवताना तू नव्वद मुलांसमोर म्हणालीस की काही लोकांचं गोदाम भरलेलं असतं, पण त्यांना कुलूप उघडायचा कंटाळा. आणि माझ्याकडे बघून हसलीस. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मला सगळे गोदाम म्हणायला लागले. फक्त माझ्या बाकावरची पलक नाही म्हणायची.

मी पोतं उचलून धरलं ते तू मागे उभी होतीस म्हणून नव्हे, आत्या. मी गोदाम नाही, हे मला तुला दाखवायचं होतं.

याचं उत्तर लवकर पाठवायची घाई करू नकोस.

तुझी
ऋजुता

&nbsp;

छत्रीबाग, इंदूर
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय ऋजुता,

विसरले नव्हते मी. दादाला लिहिताना तो परिच्छेद दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. मारलं असतं तर ते लिहिता आलं असतं. हसले, हे लिहवेना.

सोमवारी वर्गात गेले आणि फळ्याकडे न वळता सांगितलं. म्हटलं, ऑगस्टमध्ये मी जो विनोद केला तो एका आजाराचं हुबेहूब वर्णन होतं. शिकवणाऱ्या बाईला तो ओळखता आला नाही आणि वर ती हसली. पोत्याचं सांगितलं, आठच्या बॅचचं सांगितलं, डॉक्टरांशी खोटं बोलले तेही सांगितलं. मुलं खाली बघत होती. मग पलक उठून उभी राहिली. तिने विचारलं की मॅम, पायऱ्या चढताना ऋजुताला नक्की कसं वाटायचं?

दोन महिने तू माझ्या घरात राहिलीस, आणि हे मी तुला एकदाही विचारलं नव्हतं. पलकला मी तसंच सांगितलं.

आता विचारते आहे. लिहावंसं वाटलं तर लिही, नाही वाटलं तर तेही बरोबरच.

थोरांनी आशीर्वाद देऊन पत्र संपवायचं असतं. तो द्यायचा हक्क आज मला वाटत नाही. म्हणून तुझ्याहून धाकटी असल्यासारखं मागते, थोडा लोभ असू दे.

आत्या