उकंडरावांचे चाकू घेऊन जाण्याबाबत

मु. आसेगाव

रऊफभाऊ,

सलाम घ्या आणि नमस्कारही घ्या. जो आधी पोचेल त्याला उत्तर द्या. बदरुन्निसा भाभींचे गुडघे कसे आहेत? आणि तुमची साखर? (खरी सांगा. मंगरूळच्या बसस्टँडवर उभे राहून जिलेबी खाताना आमच्या शेजारच्या देवानंदने तुम्हाला पाहिले आहे.) इकडे मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि कोणी विचारले की बरी आहे म्हणून सांगते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "हो वहिनी, येतो वहिनी" म्हणून सुटून जाता. पत्रातून असे सुटता येत नाही. चष्मा घरी राहिला ही सबबही चालायची नाही, कारण तुमचे वाचून होईपर्यंत दुकानाच्या बाकावरून उठू नकोस असे मी देवानंदला बजावून पाठवले आहे. त्याला चहा पाजा.

विषय चाकूंचा आहे. तुमच्या दोस्ताला जाऊन पाच महिने झाले, पण त्यांचे चाकू काही घर सोडायला तयार नाहीत. बाकीच्या बायकांचे नवरे मागे विमा ठेवतात, निदान एखादा बरा फोटो तरी ठेवतात. यांनी मला घडीचे चाकू ठेवले. तीन पात्यांचे, सात पात्यांचे, शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, आणि तो एक कानकोरणीवाला, जो जऊळक्याच्या स्टेशनवर कोण्या प्रवाशाला स्वतःचा जेवणाचा डबा देऊन घेतला होता (डबा माझ्या माहेरचा होता). मी यांचे सदरे देवानंदला दिले, तर दुसऱ्या दिवशी तो एक चाकू चिमटीत धरून आला, ओट्यावर ठेवला आणि मागे सरकून उभा राहिला. पुढच्या आठवड्यात दुसरा सदरा, दुसरा चाकू. आता तो बिचारा सदरा अंगात घालण्याआधी पायरीवर झटकून घेतो. तुरीच्या डाळीच्या डब्यात ओल लागत नाही म्हणून यांनी तिथेही चाकू पुरून ठेवले होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. लोकांच्या डाळीत खडे निघतात, माझ्या डाळीत पेचकस निघाला.

आणि एवढे सगळे बाळगून यांनी आयुष्यात कापले काय? कांदा चिरायचा तर माझी विळी. संत्रे सोलायचे तर अंगठा. चाकू फक्त उघडायचा, तेल द्यायचे, मिटायचा, आणि खिशावर एकदा हात ठेवून बाहेर पडायचे. कामाला म्हणावा असा एकदाच आला, आमच्या पुतण्याच्या, हरीओमच्या लग्नात. तुम्ही वरातीत होताच. मानोऱ्याला पोचल्यावर कळले की नवरदेवाच्या हातातली कट्यार घरीच राहिली, लिंबू तेवढे आले. सगळे एकमेकांवर ओरडत असताना यांनी खिशातून अकरा पात्यांचा काढला आणि मोठ्या पात्याच्या टोकाला ते लिंबू खोचून दिले. पण पाती दाबून धरणारी त्याची कमान ढिली होती. डफडे वाजायला लागले तशी बाकीची पातीही एकेक करून बाहेर यायला लागली, आणि मांडवाशी पोचेपर्यंत हरीओमच्या हातात कात्री, दाभण, करवत, सगळे उघडे. नवरीकडच्या बायकांनी आपापली पोरे मागे ओढली. त्या लिंबाने पाते काळे पडले. चारचौघांत हे म्हणाले, त्यात काय एवढे, आणि घरी आल्यावर तुम्ही दोघे अर्धा दिवस राख घासत बसलात. मी तुम्हाला किती हसले होते.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामासाठी वाशिमला एका कचेरीत गेले. घाईत यांचीच खांद्याची पिशवी उचलली. फाटकावर शिपायाने पिशवी उलटी केली तर आतून तीन चाकू पडले. मागे रांग. तो माझ्याकडे पाहतो, मी चाकूंकडे पाहते. "माय, हे एवढं कायले घेऊन फिरून राह्यली तू?" असे त्याने विचारले, आणि मी (मुलांना तीस वर्षे शिकवलेली बाई) चोरी पकडलेल्या पोरासारखी म्हणाले, माझे नाहीत. तो म्हणाला, खोलून दाखव. मी नख लावले, नख तुटले, पाते हलले नाही. मग त्याने लावले, त्याच्यानेही उघडेना. मागच्या एका पैलवानानेही जोर करून पाहिला. शेवटी शिपाईच म्हणाला, "जाऊ दे माय, याच्यानं तं काकडीबी कापल्या जात नाही." रांगेतले सगळे हसले. मला मात्र तिथे उभ्या उभ्या रडू कोसळले, कारण हे ते पाते नुसत्या अंगठ्याने उघडत, माझ्याशी बोलता बोलता, खाली न पाहता. शिपाई घाबरला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि चाकू परत पिशवीत भरून दिले.

आता तुमच्यावर येते. तेरवीच्या दिवशी दवाखान्याने पिशवीत घालून दिलेला यांचा चाकू मी तुमच्या हातात ठेवला. तुम्ही हात पुढे केला, मी दिला, त्या दिवशी कोणाला कसली शुद्ध होती? माझी जाऊ उज्ज्वला तेव्हापासून मागे लागली आहे की चाकू कधी हातोहात देतात का, खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर माणसे तुटतात. मी तिला वेड्यात काढले. पण भाऊ, त्या दिवसापासून तुम्ही आला नाहीत हे खरे आहे. इतकी वर्षे दर बाजाराच्या दिवशी दुरुस्तीचे दुकान मुलावर, एजाजवर सोपवून तुम्ही यायचात, सतरंजीवर चाकू मांडून बसायचात, आणि आता माझ्या दाराची मोडकी कडी दुरुस्त करून एजाजच्या हाती पाठवता. तो दारातूनच कडी देतो आणि गाडी बंदही करत नाही. मी एकदा त्याला अडवून विचारले. पोरगा भोळा, बोलून गेला, "अब्बा म्हणते, उकंडकाका नाही तं आता कोणासाठी जायचं."

कोणासाठी म्हणजे? मी काय भिंतीतली खुंटी होते? तुमच्या बैठकीत चहा करत होते म्हणून मी आत होते असे तुम्हाला वाटले असेल, पण मी सगळे ऐकत होते. कोणत्या चाकूची कमान तुम्ही बदलली आणि कोणता तुम्ही बिघडवून त्यांना न सांगता बदलून आणला (हो, मला माहीत आहे), हे मला पाठ आहे. मला वाटत होते आपण तिघे आहोत. यांच्या जाण्याचे दुःख आहेच, ते कोणाला चुकले नाही. पण त्यांच्याबरोबर तुम्हीही गेलात, हे मला सहन होत नाही. योगिनी म्हणते, आई, घराला कुलूप लाव आणि नागपूरला ये, तिथे तुझे कोण उरले आहे? बाजाराच्या दिवसानंतर सांगते, असे मी तिला म्हटले आहे.

तरी आपण येऊन हे चाकू घेऊन जावेत, म्हणजे माझे घर मोकळे होईल. भाभींना नमस्कार. तुमच्या नातीला, नमराला, तिच्या परीक्षेसाठी आजीचा आशीर्वाद.

आपली,
मनकर्णावहिनी

ता. क. भाभींनाही आणा. म्हणजे लोक काय म्हणतील याचा विचार तुम्हाला करावा लागणार नाही. गुडघ्यांसाठी खुर्ची काढून ठेवली आहे.

ता. क. तेरवीचा चाकू सोबत आणा. तुम्ही तो सतरंजीवर ठेवा, मी उचलते, मग मी ठेवते आणि तुम्ही उचला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, उज्ज्वलाच्या समाधानासाठी करायचे.

ता. क. (हे देवानंदला वाचून दाखवू नका.) घर मोकळे होईल असे वर लिहिले आहे, त्यावरून पोते घेऊन येऊ नका. दर बाजाराला एकच चाकू न्यायचा. घरात एकूण किती आहेत ते मी मोजलेले नाही. तुम्हीही मोजू नका.